पूजा, दंडुका आणि सुई : कुत्रा, माणूस आणि रेबीजची गोष्ट

या आठवड्याच्या एपिसोडचा हा लिखित भाग. ज्यांचे इअरफोन घरी राहिलेत त्यांच्यासाठी, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठीही.

आजचा विषय आहे कुत्रा. तुमचं फीड उघडून बघा. एका रीलमध्ये कुणाच्या तरी लॅब्राडॉरचा वाढदिवस चाललाय, डोक्यावर टोपी, समोर केक. अंगठा जरा वर सरकवला की पुढची बातमी येते : अमुक गावात लहान मुलाला कुत्रा चावला. त्याखालच्या कमेंटमध्ये दोन तट. एक म्हणतो कुत्री हटवा, दुसरा म्हणतो कुत्र्यांना हात लावाल तर खबरदार.

आता आकडा ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसं रेबीजने मरतात. त्यातली एक तृतीयांशाहून जास्त आपल्या देशात. आणि मरणाऱ्यांत लहान मुलांचं प्रमाण मोठं. या रोगाची लस निघाली १८८५ साली. म्हणजे लस येऊन १४० वर्षं झाली. मग घोडं पेंड कुठे खातंय?

मी हे सगळं वाचत गेलो तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. माणूस कुत्र्याशी आजवर तीन तऱ्हांनी वागत आलाय. त्याची पूजा केली, त्याच्यावर दंडुका उगारला, आणि फार उशिरा त्याला सुई टोचली. पहिले दोन उपाय हजारो वर्षं चालले आणि त्यांनी रेबीज काही गेला नाही. तिसरा जिथे जिथे नीट केला तिथे गेला. आजची गोष्ट या तिसऱ्या उपायाची आहे.

मानाचा कुत्रा

पूजेपासून सुरुवात करू, कारण ती आपल्या घरातलीच आहे. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, त्यांना चार वेद मानतात. खंडोबासोबत कुत्रा असतोच. नामदेवांची गोष्ट तर आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली : कुत्र्याने कोरडी पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले.

साताऱ्याजवळ संगम माहुलीला गेलात तर तिथे छत्रपती शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे. त्याचं नाव खंड्या. शिकारीत त्याने भुंकून महाराजांना वाघापासून सावध केलं, असं सांगतात. त्याही आधीचं उदाहरण कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूरला सापडलं. तिथे इ. स. ९४९-५० च्या सुमाराचा, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातला एक वीरगळ मिळाला. तो काळी नावाच्या कुत्रीचा आहे. रानडुकराशी झुंजताना दोघंही मेले. माणसाला मिळावा तसा मान तिला दगडात कोरून दिला गेला.

पण पूजा करणाऱ्यांना भीती माहीत नव्हती असं समजू नका. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात पिसाळलेल्या प्राण्याच्या चाव्याचं वर्णन आहे. चावलेला माणूस पाण्याला घाबरू लागला की तो वाचत नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलंय. आज कुठलाही डॉक्टर हेच सांगेल.

आणखी मागे जाऊ. आजच्या इराकमध्ये एश्नुन्ना नावाचं नगरराज्य होतं. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्याच्या कायद्यात एक कलम आहे. तुमचा कुत्रा पिसाळलाय असं अधिकाऱ्यांनी तुम्हाला कळवलं, तरी तुम्ही त्याला आवरलं नाही, आणि तो चावून माणूस मेला, तर मालकाने ४० शेकेल चांदी भरायची. मेलेला माणूस गुलाम असेल तर १५ शेकेल. गुलामाचा जीव स्वस्त, ही त्या काळाची रीत. पण मुद्दा बघा : पाळलेल्या कुत्र्याची जबाबदारी मालकाची, ही गोष्ट इतकी जुनी आहे.

आठ आण्यांचा कुत्रा

आता दंडुका. त्यासाठी आपल्या मुंबईत यावं लागेल. साल १८३२.

उन्हाळ्यात कुत्री जास्त पिसाळतात असा तेव्हाचा समज. म्हणून कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायचा हुकूम काढलेला होता. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. त्या काळात आठ आणे म्हणजे चांगली कमाई. मग जे व्हायचं तेच झालं. बक्षिसाच्या लोभाने लोकांच्या दारातली, अंगणातली कुत्रीही उचलली जाऊ लागली.

पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. माणूस गेल्यावर त्याच्या देहापाशी कुत्रा आणायचा विधी आहे, त्याला सगदीद म्हणतात. ६ जून १८३२ ला फोर्ट भागात पारशी जमाव कुत्री मारणाऱ्या शिपायांवर तुटून पडला. दुसऱ्या दिवशी कडकडीत बंद. पारश्यांबरोबर हिंदू, जैन व्यापारीही त्यात सामील. इंग्रज सैन्याचं खाणंपिणं अडवलं गेलं. शेवटी लष्कर बोलवावं लागलं, धरपकड झाली. इतिहासात याला मुंबईची कुत्र्यांवरून झालेली दंगल म्हणतात. पुढे तोडगा असा निघाला की कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडायची.

ओळखीचं वाटतंय ना? ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांबद्दल सुप्रीम कोर्टाचे दोन आदेश अकरा दिवसांच्या अंतराने आले. पहिला म्हणाला, सगळी उचलून निवाऱ्यात ठेवा. दुसऱ्याने तो बदलला : नसबंदी आणि लसीकरण करून, पिसाळलेली किंवा हिंस्र नसतील तर, जिथून आणली तिथे परत सोडा. त्या दिवसांत माझ्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर १८३२ चाच सामना रंगला होता. फक्त शिपाई नव्हते, आणि 'लेफ्ट द ग्रुप' होतं.

मारून प्रश्न का सुटत नाही? मी जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगतो. गल्लीत जितकं खरकटं आहे तितकी कुत्री तिथे जगतात. दहा मारली तर जागा रिकामी होते, बाजूच्या गल्लीतली येतात, नवी पिल्लं वाढतात. आणि ही नवी कुत्री लस न टोचलेली. म्हणजे रोगाला नवं सरपण.

पाश्चरला जे जमणार नव्हतं

आता सुईकडे. ही गोष्ट सगळ्यांना अर्धीच माहीत असते.

४ जुलै १८८५. फ्रान्सच्या सीमेवरच्या अल्सेस प्रांतात जोसेफ मायस्टर नावाचा ९ वर्षांचा मुलगा. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याचे लचके तोडले. आई त्याला घेऊन थेट पॅरिसला लुई पाश्चरकडे आली. पाश्चर डॉक्टर नव्हता, रसायनशास्त्रज्ञ होता. त्याने आणि एमिल रू याने पिसाळलेल्या सशांचे मज्जारज्जू बाटलीत टांगून वाळवले होते. जितके दिवस वाळेल तितकं विष सौम्य. ६ जुलैला मुलाला सगळ्यात जुन्या, सगळ्यात सौम्य मज्जारज्जूपासून केलेलं पहिलं इंजेक्शन दिलं. मग रोज थोडं अधिक ताजं, अधिक जहाल. दहा-अकरा दिवसांत अशी १३ इंजेक्शनं. जोसेफ जगला. मोठा होऊन पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येच रखवालदार झाला.

चावल्यानंतर लस कशी काय चालते, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर या व्हायरसच्या वेगात आहे. तो रक्तातून पळत नाही. जखमेपासून नसांमधून रांगत रांगत मेंदूकडे जातो. त्याला बहुतेक वेळा एक ते तीन महिने लागतात. तो मेंदूत पोहोचायच्या आत शरीराने लढायची तयारी केली तर माणूस वाचतो. पोहोचला, लक्षणं दिसली, की खेळ जवळपास संपला.

आता गोष्टीचा राहिलेला अर्धा भाग. पाश्चरने ही लस आधी कुत्र्यांनाच टोचून पाहिली होती, आणि टोचलेली कुत्री पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यालाही पुरून उरत होती. रोग कुत्र्यातून येतो, तर कुत्र्यालाच लस द्या, हा सरळ विचार त्याच्यासमोर होता. पण एका कुत्र्याला इतकी इंजेक्शनं, त्यासाठी इतके ससे, आणि फ्रान्सभर लाखो कुत्री. हिशोब बसेना. म्हणून त्याने दुसरी वाट धरली : चावा बसलेल्या माणसाला वाचवायचं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले याला वेगळ्या शब्दांत सांगू. बग मुळात न काढता, प्रत्येक ग्राहकाकडे जाऊन त्याचं मशीन दुरुस्त करत बसायचं. ग्राहक वाचतो, बग राहतो. पाश्चरच्या हातात तेव्हा तेवढंच होतं, त्याला दोष नाही. पण जगाने पुढची कित्येक दशकं तेच चालू ठेवलं.

आजीची चौदा इंजेक्शनं

भारतात कुत्रा चावलेल्या गोऱ्या सैनिकांना सुरुवातीला उपचारासाठी थेट पॅरिसला पाठवायचे. बोटीने! बाकीच्यांचं काय होत असेल याची कल्पना करा. १९०० साली हिमाचलात कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघालं. १९०७ मध्ये दक्षिणेत कुन्नूरला दुसरं.

कसौलीला डेव्हिड सेंपल नावाच्या डॉक्टरने १९११ मध्ये नवी लस तयार केली. मेंढीच्या मेंदूत वाढवलेला विषाणू कार्बोलिक अ‍ॅसिडने मारायचा आणि टोचायचा. ही लस बाटलीत भरून दूरच्या दवाखान्यात पाठवता येत होती. म्हणजे पेशंटने कसौली गाठायची गरज संपली. ही मोठी गोष्ट होती, तिने असंख्य जीव वाचवले.

पण तिची किंमतही होती. पोटावर रोज एक, अशी दहा-चौदा इंजेक्शनं. शिवाय मेंढीच्या मेंदूचा अंश शरीरात गेल्याने काहींना अर्धांगवायूसारखे त्रास व्हायचे. आमची आजी अजूनही 'पोटात चौदा' म्हणताना हात पोटावर नेते. तिच्या पिढीत कुत्रा चावलेली पोरं घरी सांगायचीच नाहीत, एवढी त्या सुयांची धास्ती.

भारतात ही मेंदूवाली लस डिसेंबर २००४ पर्यंत चालू होती. माझा जन्म झाला तेव्हाही सरकारी दवाखान्यात हीच. आता दंडावर चार-पाच इंजेक्शनं असतात, पोटावर एकही नाही. लस बदलली, भीती मात्र वारशाने पुढे आली. 'चौदा इंजेक्शनं' ऐकून अजूनही लोक हळद-चुना लावून घरीच बसतात, आणि त्यातली काही माणसं जातात.

जपानने काय केलं

पाश्चरचा न बसलेला हिशोब जपानमध्ये बसला. उमेनो आणि दोई या दोन संशोधकांनी १९२१ मध्ये कुत्र्यासाठी अशी लस मांडली की एकाच टोचणीत काम व्हावं. एका कुत्र्याला डझनभर सुया द्यायच्या असतील तर गाव टोचून होत नाही. एक पुरत असेल तर होतं. एवढ्या साध्या फरकाने सगळं चित्र बदललं, आणि जपानमध्ये कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचायला सुरुवात झाली.

महायुद्धात ही घडी विस्कटली, रोग पुन्हा बोकाळला. मग १९५० मध्ये त्यांनी रेबीज प्रतिबंधक कायदा केला : प्रत्येक पाळीव कुत्र्याची नोंदणी, ठरलेल्या काळाने लस, आणि भटक्या कुत्र्यांची धरपकड. हो, धरपकडही होती, ते लपवायचं कारण नाही. पण या वेळी मालक जबाबदार होता आणि कुत्र्याच्या अंगात लस होती. १९५७ नंतर जपानमधल्या प्राण्यांत हा रोग पसरलेला नाही. सात वर्षांत संपवला! एश्नुन्नाच्या कायद्यातली मालकाची जबाबदारी आणि पाश्चरची लस, दोन्ही एकाच कागदावर आली.

सत्तर टक्क्यांचं गणित

सगळ्या कुत्र्यांना पकडायचं म्हणजे अशक्य, असं तुम्ही म्हणाल. सगळी पकडायची गरजच नाही.

एक पिसाळलेला कुत्रा मरण्याआधी सरासरी दोनपेक्षा कमी कुत्र्यांना रोग देतो. गोवरासारख्या रोगाशी तुलना केली तर हे काहीच नाही. म्हणजे साखळी मुळात कच्ची आहे. थोडी जास्त कडी तोडली की ती आपोआप संपते. मग ७० टक्के का म्हणतात? कारण कुत्र्यांची संख्या ही गळकी टाकी आहे. लस टोचलेली कुत्री वर्षभरात मरतात, बिनलशीची पिल्लं जन्मतात. मोहिमेच्या दिवशी टाकी ७० टक्के भरली असेल, तर पुढच्या मोहिमेपर्यंत गळूनही पातळी धोक्याच्या वर राहते. म्हणून दरवर्षी, ७० टक्के, प्रत्येक वॉर्डात. एका वॉर्डात ९५ आणि दुसऱ्यात २० करून सरासरी काढली तर उपयोग नाही, रोग त्या २० वाल्या वॉर्डात जगतो.

गोव्यातलं अ‍ॅप

आता माझा आवडता भाग. शेजारच्या गोव्यात २०१३-१४ च्या सुमारास 'मिशन रेबीज' या संस्थेने काम सुरू केलं, पुढे राज्य सरकार सोबत आलं. जाळी घेतलेल्या टीम रस्त्यावरची कुत्री पकडायच्या, टोचायच्या, डोक्यावर रंगाचा पट्टा मारून तिथेच सोडायच्या. घरोघरी जाऊन पाळीव कुत्र्यांना हातात धरून लस द्यायच्या. प्रत्येक कुत्र्याची नोंद मोबाइल अ‍ॅपमध्ये, जीपीएससकट. नंतर दुसरी टीम त्याच भागात फिरून मोजायची : रंग असलेली किती, नसलेली किती. ७० टक्क्यांच्या खाली आकडा दिसला तर टीम परत त्या वॉर्डात.

माझ्यासारख्या माणसाला हे वाचताना फार बरं वाटतं. यात कुठलंही भारी तंत्रज्ञान नाही. नकाशावर एक ठिपका, एक हो-नाही, आणि मोजून परत जायची तयारी. बरोबरीने शाळांमधून मुलांना शिकवलं, पिसाळलेल्या कुत्र्याची खबर द्यायला फोन नंबर दिला.

निकाल? 'नेचर कम्युनिकेशन्स' या विज्ञानपत्रिकेत २०२२ मध्ये छापलेल्या अभ्यासानुसार कुत्र्यांमधला रेबीज महिन्याच्या सरासरीने ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू शून्यावर आले. जून २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं 'रेबीज नियंत्रित' राज्य जाहीर झालं. काम संपलेलं नाही. सिंधुदुर्गातून किंवा बेळगावकडून येणारं कुत्रं काही चेकपोस्टवर कागद दाखवत नाही. पण भारतात हे होऊ शकत नाही, असं आता म्हणता येणार नाही. त्याच वर्षी केंद्र सरकारनेही २०३० पर्यंत कुत्र्यांपासून माणसाला होणारा रेबीज संपवायचा कृती आराखडा जाहीर केला.

आपल्या घरातलं कुत्रं

तुम्ही म्हणाल, हे सगळं सरकारचं आणि संस्थांचं. आमचा ब्रूनो तर सोफ्यावरून उतरत नाही. माझी आईही आमच्या चिंगीबद्दल हेच म्हणते : "ती घरातच तर असते, तिला कशाला सुया?"

मी तिला गळक्या टाकीचं गणित सांगत बसत नाही. एवढंच सांगतो की चिंगी रोज दोनदा खाली जाते. गेटपाशी गल्लीतल्या कुत्र्यांशी नाकाला नाक लावते. वर येऊन बाळाचं तोंड चाटते. रस्ता आणि पाळणा यांच्यामधलं दार म्हणजे ती. शिवाय ७० टक्क्यांमधलं सगळ्यात सोपं कुत्रं आपलंच आहे. त्याला पकडायला जाळी लागत नाही, बिस्कीट पुरतं.

तर मंडळी, कामाचं तेवढं लिहून ठेवतो.

पिल्लाला साधारण तीन महिन्यांचं झालं की पहिली रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तेव्हा बूस्टर, नंतर दरवर्षी. मांजरालाही. लसीकरणाच्या कार्डाचा फोटो फोनमध्ये ठेवा आणि पुढच्या तारखेचा रिमाइंडर लावा. कुत्र्याच्या वाढदिवसाला केक आणताच, तर त्याच दिवशी लसही उरकून टाका.

कुणालाही, कुठल्याही कुत्र्याचा किंवा मांजराचा चावा, ओरखडा बसला, किंवा जखमेवर चाटलं, तर आधी साबण आणि वाहतं पाणी, पूर्ण १५ मिनिटं. घड्याळ लावून. हळद, तिखट, चुना, तेल, काही लावायचं नाही. मग त्याच दिवशी दवाखाना. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत मिळते. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं, त्याबद्दल स्वतःहून विचारा. 'कुत्रं दहा दिवस बघू, मग ठरवू' असं करायचं नाही. लस लगेच सुरू करायची, कुत्र्यावर लक्ष नंतर ठेवायचं. आणि दिलेल्या तारखा एकही न चुकवता पूर्ण करायच्या.

शेवटची गोष्ट लहान मुलांची. कुत्रा चावला हे मुलं बऱ्याचदा लपवतात. ओरडा बसेल म्हणून, सुई टोचतील म्हणून, किंवा आपल्या लाडक्या कुत्र्याला बाहेर काढतील म्हणून. घरात, शेजारी, भाचे-पुतण्यांत जी मुलं आहेत त्यांना आजच सांगून ठेवा : चावलं तर लगेच सांगायचं, कुणी रागावणार नाही, पोटात इंजेक्शन नसतं, आणि मोत्याला कुणी हाकलणार नाही.

२८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. पाश्चर त्या तारखेला, १८९५ साली गेला. पण त्या दिवसाची वाट बघू नका. हा एपिसोड संपला की कपाटातून ते कार्ड काढा आणि शेवटची तारीख बघा. तारीख उलटून गेली असेल तर या रविवारी काय करायचं ते ठरलंच.

तुमच्या कुत्र्याचं नाव काय आणि शेवटची लस कधी दिली, हे दोन्ही मला कळवा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटूच. तोवर काळजी घ्या, चारपायांचीही.